मरोळच्या बाई आणि त्यांचा मुकादम

बाईंच्या व्हरांड्यात पाऊल ठेवलं की पेशंटच्या आधी नातेवाइकाला हुकूम व्हायचा: बाकावर बस आणि दोन्ही हात मांडीखाली घे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ती थट्टा वाटली. मी त्रेचाळीस वर्षांचा, वजनमापे खात्यातला निरीक्षक. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतचे दुकानदार मला लांबून बघून तराजू पुसायला घेत. मी उभाच राहिलो. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या पत्नीला, सुलभाला, त्या म्हणाल्या, "तुझा नवरा बसेपर्यंत आपण थांबू." मग आम्ही तिघंही थांबलो. शेवटी मी हातांवर बसलो, आणि पुढचे पाच महिने आठवड्यातून तीन वेळा तसाच बसत गेलो.

कारण त्यांनी बऱ्याच दिवसांनी सांगितलं. पेशंटचा हात कपाकडे निघतो न निघतो तोच घरच्या माणसाचा हात तिथे आधी पोचलेला असतो. बाई म्हणाल्या, "माया म्हणून करता तुम्ही. आणि त्या मायेने हात मरतो."

हातांवर बसण्याआधी मनगटावरचं घड्याळ काढून दाराजवळच्या पत्र्याच्या डब्यात टाकावं लागे. मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, इथे शर्यत नाही. मी सांगितलं की वेळ नोंदवली तर सुधारणा कळेल, मी निरीक्षक आहे, मला नोंदीची सवय आहे. त्यांनी व्हरांड्याच्या कोपऱ्यात पसरलेल्या कुत्र्याकडे बोट केलं. "इथे मुकादम आहेत. इन्स्पेक्टर नको."

मुकादम हे त्या कुत्र्याचं नाव. तांबूस रंगाचा, छातीवर पांढरा पट्टा, एक कान मोडलेला, अगदी गावठी. बाई त्याला सोडून सगळ्यांना अरेतुरे करत. मला, सुलभाला, पेशंट म्हणून येणाऱ्या एका निवृत्त मॅजिस्ट्रेटलासुद्धा. कुत्र्याशी मात्र आदराने बोलत. "मुकादम, इकडे या. ही नवीन आहे, हिला सांभाळून घ्या." आणि मुकादम उठून येई, सुलभाच्या पायाशी बसे आणि पुढची सूचना मिळेपर्यंत कानसुद्धा हलवत नसे. मी खात्यात अठरा वर्षं काढली, इतका शिस्तीचा कर्मचारी पाहिला नव्हता.

बाईंचं नाव लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही, आणि आवडलं नाही तर त्या घाटकोपरला आमच्या घरी येऊन सांगतील. मरोळ गावठाणातल्या जुन्या ख्रिस्ती घरातल्या त्या. पन्नाशी ओलांडलेल्या, उंच, गुडघ्याखालपर्यंतचा फ्रॉक आणि त्यावर मोठ्या खिशांचा एप्रन. घरात बोलणं मराठी, प्रार्थना मराठी, शिव्याही मराठी. जिथे त्यांच्या वडिलांच्या वेळी भात पिकायचं तिथे आता कारखान्यांच्या शेडी होत्या; उरलेल्या तुकड्यात भाऊ मुळा आणि माठ लावायचा. त्या मोठ्या रुग्णालयात वीस वर्षं नोकरी करून बाहेर पडल्या होत्या. वॉर्डात कुत्रा आणायचा नाही, असं तिथे बजावलं गेलं. त्यांनी कुत्रा ठेवला आणि नोकरी सोडली. ही हकीगत त्या आपण बस बदलली अशा आवाजात सांगत.

सुलभाला अडतिसाव्या वर्षी पक्षाघात झाला. ती महानगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. तिसरीच्या वर्गात फळ्यावर गणित लिहिताना हातातून खडू पडला, तो उचलायला ती वाकली आणि उठलीच नाही. वाचा शाबूत राहिली. पाय दोन महिन्यांत बराच सुधारला. उजवा हात मात्र कुणीतरी ठेवायला दिलेल्या वस्तूसारखा मांडीवर पडून असायचा. साठवलेली सगळी रजा धरून तिचे एकशे बावन्न दिवस उरले होते. त्यानंतर पालिकेच्या डॉक्टरांपुढे उभं राहायचं. फळ्यावर लिहिता येत असेल तर हजर व्हायचं, नाहीतर प्रकृतीच्या कारणावरून निवृत्ती. मी तिला म्हणालो होतो की एका पगारात आपलं भागेल. ती म्हणाली, "भागेल हो. पण मी घरात बसून दिवसभर काय बघू? शेजारच्यांचा कलर टीव्ही?" त्यानंतर तो विषय मी काढला नाही.

आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'ऑक्युपेशनल थेरपी' असं लिहून खाली मरोळचा पत्ता दिला. व्यायाम तर चालूच होता, मग हे वेगळं काय, असं मी बाईंना विचारलं. "फिजिओवाला हात हलवायला शिकवतो," त्या म्हणाल्या. "मी हाताला काम देते. काम असलं तर हात येतो. नुसता बोलावला तर कशाला येईल?"

आणि काम म्हणजे मुकादम. त्याच्या अंगात खाकी कापडाचं एक जाकीट असायचं, शिंप्याकडून मुद्दाम शिवून घेतलेलं. त्यावर बटणं, हूक, प्रेसबटणं, बक्कलं, नाड्या, सगळे मिळून सतरा बंद. सगळे काढायचे आणि सगळे लावायचे, लुळ्या हाताने. मुकादम तेवढा वेळ उभा. माणसाच्या सदऱ्याचं बटण लावताना चूक झाली की आपण ओशाळतो, समोरचा उसासा टाकतो. मुकादम उसासा टाकत नसे. बाईंना ही कल्पना वडिलांमुळे सुचली. त्यांचा डावा हात लुळा पडला होता. कुणाचं ऐकून ते बोट हलवत नसत, पण घरातल्या कुत्रीच्या मानेवरची गोचीड काढायला तो हात आपोआप पुढे यायचा. बाईंनी ते पाहून ठेवलं. पुढे गावठाणात सापडलेलं एक पिल्लू त्यांनी दीड वर्ष सांताक्रूझला नेलं. तिथे पोलिसांचे कुत्रे शिकवून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत. त्यांनी मुकादमाला चोर पकडायचं सोडून बाकी सगळं शिकवलं.

आमच्या वेळेच्या आधी विक्रोळीहून एक मालवणी काका येत. पूर्वी गिरणीत होते, नंतर एका कारखान्यात पट्ट्यात डावा हात सापडला. पहिल्या दिवशी त्यांनी बाईंना बजावलं, "मियां जन्मात कुत्र्याक हात लावूक नाय."

"मग आज लाव," बाई म्हणाल्या. "डावा लाव."

काकांनी दोन दिवस लावला नाही. दोन्ही दिवस बाईंनी त्यांना आणि मुकादमाला समोरासमोर बसवलं आणि त्या आत जाऊन कपडे वाळत घालत राहिल्या. तिसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा काका डाव्या हातात केसांचा ब्रश धरून मुकादमाची पाठ विंचरत होते आणि त्याला त्यांच्या सुनेविषयी काहीतरी सांगत होते. आम्हाला पाहून गप्प झाले. मुकादम त्यांच्याकडे बघत राहिला, पुढचं ऐकायचं होतं म्हणून असेल.

आता मुकादमाचा मुख्य नियम. तो बिस्किट फक्त दुखऱ्या हातातून घ्यायचा. धडधाकट हात पुढे केला की मान वळवून भिंतीकडे बघायचा. खाली पडलेलं खायचा नाही. बाहेर फिरायला निघालं की त्याची दोरी दुखऱ्या हातात द्यायची, आणि ती सुटली की तो जागच्या जागी बसायचा. उचलायची तीही त्याच हाताने.

पहिल्यांदा मी आणि सुलभा त्याला घेऊन बेकरीपर्यंत निघालो तेव्हा बेकरीच्या दारातच दोरी तिच्या बोटांतून सुटली. मुकादम बसला. मी दोरी उचलून तिच्या डाव्या हातात दिली. मुकादम हलला नाही. मी 'चला' म्हणालो, 'चल रे' म्हणालो, शेवटी खेचलं. त्याने अंग सोडून दिलं, तांदळाचं पोतं बरं. पाववाला बाहेर आला, दोन रिक्षावाले थांबले. एकाने विचारलं, "क्या हुआ, बीमार है?" सुलभा म्हणाली, "तो नाही, मी." मग ती भिंतीला टेकून खाली वाकली. बोटं दोरीवर पडत, दोरी निसटे. चौदा वेळा. पंधराव्या वेळी दोरी अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मध्ये राहिली. मुकादम लगेच उठला आणि काही घडलंच नाही अशा चालीने निघाला. रिक्षावाल्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत की काही नाही, पण त्यातला एक आमच्यामागे कोपऱ्यापर्यंत हळूहळू रिक्षा चालवत आला, मागची वाहनं अडवून.

कुत्र्याला उजवं-डावं कसं कळतं, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. माणसं म्हणत, जनावराला दुःख कळतं. मला ते पटत नव्हतं. चौथ्या आठवड्यात उत्तर सापडलं. बाई प्रत्येक पेशंटच्या दुखऱ्या मनगटावर हिरव्या कापडाची एक पट्टी बांधत. काकांच्या डाव्या, सुलभाच्या उजव्या. मुकादम हात पाहत नव्हता, पट्टी पाहत होता. घरी जाताना बसमध्ये मी हे सुलभाला समजावून सांगितलं. तपास लागल्याचा मला आनंद झाला होता. तिला झाला नाही. ती म्हणाली, "म्हणजे त्याला माझं काहीच कळत नाही."

हे तिला सांगणं ही माझी पहिली चूक; दुसरी त्याहून मोठी. खात्यात हुकाचा स्प्रिंगकाटा असतो. तसा एक माझ्याकडे स्वतःचा होता. तो मी खिडकीच्या गजाला लावला आणि रोज सकाळी सुलभाला उजव्या हाताने ओढायला लावू लागलो. आकडा कपाटाच्या दारावर लावलेल्या तक्त्यात भरायचा. अर्धा किलोपासून सुरुवात झाली, दीड किलोपर्यंत चढला आणि थांबला. पहिला आठवडा दीड, दुसरा दीड, तिसरा दीड. काटा मी दोनदा तपासला. काटा बरोबर होता. रजेचे एकेचाळीस दिवस उरले होते. सुलभा सकाळी उठली की आधी कपाटाकडे बघायची आणि मग चहा करायची, डाव्या हाताने.

मी तो तक्ता गुंडाळून बाईंकडे नेला. त्यांनी सगळा वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत. मग म्हणाल्या, "तू हिचं वजन करतोस रोज? कांदे आहेत का हे?" आणि मला त्याच बेकरीत बिस्किटं आणायला पिटाळलं. स्वतः आत काकांकडे गेल्या.

मी परत आलो तेव्हा व्हरांड्यात सुलभा आणि मुकादम दोघंच होते. मुकादम आदल्या पुड्यातलं बिस्किट खात होता, तिच्या डाव्या हातातून. हिरवी पट्टी तिच्या डाव्या मनगटावर होती. त्याच क्षणी बाई दारात आल्या.

एवढ्या दिवसांत बाईंचा आवाज मी चढलेला ऐकला नव्हता, तेव्हाही चढला नाही. सुलभाचं तोंड उतरलं होतं. ती म्हणाली, एकदा तरी त्याने माझ्या हातून नीट खावं असं वाटलं. रोज हातातून पडतं, रोज तो वाट बघतो. आणि ती रडायला लागली. मी पुढे झालो. बाईंनी मला नजरेने जागच्या जागी थांबवलं आणि तिच्या डाव्या मनगटाकडे बघत मलाच विचारलं, "गाठ कोणी मारली?"

मी म्हणालो, मी बेकरीत होतो.

"आधी मारलीस. जायच्या आधी."

"बाई, मी खोटं माप देत नाही."

"मग कोणी?"

सुलभा रडता रडता म्हणाली, "मीच हो. इथे दुसरं कोण होतं?"

"कशाने?"

सुलभाने डाव्या मनगटावरच्या गाठीकडे पाहिलं. डाव्या हातावर बांधलेली गाठ डाव्या हाताला मारता येत नाही. एक टोक तिने दातात धरलं होतं. दुसरं टोक वळसा घालून, आतून काढून, ओढून घट्ट केलं होतं ते दीड किलोच्या हाताने. आम्हा तिघांच्याही हे एकाच वेळी ध्यानात आलं असावं. मुकादम तेवढा तिच्या डाव्या तळहातावर उरलेला चुरा शोधत होता.

बाई खाली तिच्यासमोर फरशीवर बसल्या. "सोड," त्या म्हणाल्या. "आणि परत मार. मला बघू दे."

सुलभाने परत मारली. घड्याळ डब्यात होतं, पण मी मनात मोजलंच. दोनशे चाळीसपर्यंत आलो. गाठ तिरकी झाली, पण टिकली. बाईंनी ती ओढून पाहिली. मग पट्टी सोडून पुन्हा उजव्या मनगटावर बांधली आणि मुकादमाला म्हणाल्या, "मुकादम, तुम्हाला फसवलं हिने. रागावू नका, हुशार आहे." त्या दिवशी त्यांनी बिस्किटं ठेवून दिली आणि दुसऱ्या दिवशी दाराच्या मागच्या बाजूला काळा रंग दिला. खडूला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून जाड केला, म्हणजे बोटांना धरायला सोपा. सुलभा उभी राहून रेघा मारू लागली, मग आकडे, मग अक्षरं. थकली की मुकादमाच्या सतरा बंदांशी बसायचं. तक्ता मी घरी जाऊन काढला. काटा खात्यात नेऊन कपाटात ठेवला.

डॉक्टरांपुढे जायचा दिवस आला. बाईंचा अहवाल जोडायचा होता आणि छापील फॉर्मवर 'अपंगत्वाचे प्रमाण, टक्के' असा चौकोन होता. बाई तो भरेनात. मी त्यांना परोपरीने सांगितलं की मी सरकारी माणूस आहे, रिकामा चौकोन दिसला की कागद परत येतो, चाळीस लिहा, पस्तीस लिहा, पण काहीतरी लिहा.

"साठ टक्के चांगला हात म्हणजे काय रे?" बाई म्हणाल्या. "साठ टक्के बटण लागतं का?"

त्यांनी एका कोऱ्या कागदावर लिहिलं: उजव्या हाताने खडू धरते. फळ्यावर सात ओळी लिहिते. आठव्या ओळीला हात खाली येतो. थांबून पुन्हा लिहिते. अक्षर वाचता येतं. खाली सही. बस.

पालिकेच्या दवाखान्याबाहेर आम्ही दीड तास बसलो होतो. पेन माझ्या खिशात होतं आणि चौकोन रिकामा होता. एक आकडा टाकायला कितीसा वेळ लागतो. सुलभाने माझ्या हातातला फॉर्म काढून स्वतःच्या मांडीवर ठेवला, उजव्या हाताने, आणि त्यावर तोच हात ठेवून बसली.

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी बाईंचा कागद दोनदा वाचला. हात वर करायला लावला, पेन धरायला लावलं. मग विचारलं, आठव्या ओळीनंतर किती वेळ थांबावं लागतं? मी तोंड उघडणार होतो. सुलभा म्हणाली, "मुलांच्या सात ओळी उतरवून होईपर्यंत. त्यांना माझ्यापेक्षा जास्त वेळ लागतो, डॉक्टर. तिसरीची आहेत."

डॉक्टर हसले. चौकोनात त्यांनी 'सोबतचे पत्र पाहावे' असं लिहिलं आणि सही केली. मरोळला जाऊन आम्ही बातमी दिली. बाईंनी अभिनंदन केलं नाही. त्या म्हणाल्या, बरं झालं, साडेनऊची वेळ मोकळी झाली, एक जण महिनाभर थांबली आहे.

शाळेच्या पहिल्या दिवशी सुलभा घरी आली तेव्हा उजव्या बाहीला कोपरापर्यंत खडू लागला होता. मी दार उघडल्या उघडल्या विचारलं, किती ओळी झाल्या. ती चप्पल काढत म्हणाली, "मोजल्या नाहीत हो. पाढे चालले होते."

त्या शनिवारी मी मुकादमासाठी बिस्किटांचा पुडा घेऊन एकटाच मरोळला गेलो. बाई व्हरांड्यात उभ्या होत्या, शेजारी मुकादम जाकीट घालून. त्यांनी विचारलं, किती ओळी लिहिते आता? त्यांनी मला आकडा विचारल्याची ही एकच वेळ. मी सांगितलं, माहीत नाही, ती मोजत नाही.

"मग तिचं झालं," त्या म्हणाल्या. "तुझं बाकी आहे."

तेवढ्यात रस्त्यावर एक रिक्षा थांबली. तिशीतली एक मुलगी उतरली, मागोमाग तिची आई. मुलीचा डावा हात गळ्यात अडकवलेल्या रुमालात होता. बाईंनी आईला हात करून रस्त्यातच थांबायला सांगितलं. मुलगी फाटकाशी आली आणि आमच्याकडे बघत उभी राहिली, आम्ही उघडू म्हणून. मी पायरी उतरायला निघालो होतो, पण उतरलो नाही. बाई जागच्या हलल्या नाहीत, मुकादमही हलला नाही. मुलीने बऱ्याच वेळाने रुमालातून हात काढला. तो कडीपर्यंत पोचला, घसरला, परत पोचला. आम्ही तिघं वर उभे राहून बघत होतो.

कडी निघाली.